आपली वेस आपणच राखायची

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

बोलायच्या आधी एक काम करा. ज्यांच्या मोबाईलचा पिन १४०४ आहे, १८९१ आहे किंवा १९५६ आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका. बघा, अर्धा हॉल वर आहे! दोन वर्षांपूर्वी माझाही हात वर असता. बाबासाहेबांना काळजात ठेवा, कुलपात ठेवू नका. कारण हे आकडे जेवढे आपल्याला पाठ, तेवढेच ते आपल्या वैऱ्यालाही पाठ आहेत.

संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'सायबर सुरक्षेची पूर्वतयारी आणि प्रशिक्षण'. नाव ऐकूनच माणूस झोपावा! मी इंजिनिअर नाही. मी इथं उभा आहे तो चुकलेला माणूस म्हणून. तेव्हा आधी माझी चूक ऐका.

मराठवाड्यातल्या एका गावात आपल्या वस्तीवर हल्ला झाला. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला. आम्ही चार पोरं गेलो, जबाब घेतले, साक्षीदारांची यादी केली. नाव, मोबाईल नंबर, कुणाच्या रानात कामाला जाते, पोरगं कुठल्या शाळेत, सगळं. यादी संगणकावर चढवली आणि तिची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपच्या माहितीत चिकटवून टाकली. कुणालाही चटकन सापडावी म्हणून. ज्याच्या हाती लिंक, त्याला यादी उघडी. ग्रुपमध्ये माणसं एकशे ऐंशी. त्यातली निम्मी कोण, हे ॲडमिनलाही ठाऊक नव्हतं. ती लिंक मी चिकटवली होती. माझ्या ह्या बोटांनी.

पुढं ग्रुपमधल्या एका पोराला ओळखीच्या कार्यकर्त्याच्या नंबरवरून मेसेज आला. "भावा, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडं आलाय, पाठव ना." पोरानं पाठवला. त्या कार्यकर्त्याचं खातं आधीच चोरीला गेलेलं होतं. आता ह्याचंही गेलं. पोरगं घाबरलं. वरिष्ठ शिव्या घालतील म्हणून दोन दिवस गप्प बसलं. तिसऱ्या दिवशी मला गावाहून एका आक्काचा फोन आला. साठीतली बाई. मुख्य साक्षीदार.

"पोरा, माजं नाव आन् नंबर त्येंच्या हातात कसा गेला रं? माज्या नातवाची साळा बी ठावं हाये त्यास्नी."

मी काय सांगणार होतो? यादी चोरानं नेली, की ग्रुपमधल्याच कुणी पुढं ढकलली, हे मला आजही माहीत नाही. यादी कुणी उघडली ह्याची नोंदच आम्ही ठेवली नव्हती. दोन साक्षीदारांनी जबाब फिरवला. आक्का नाही फिरली. तिचं रानातलं काम बंद झालं.

अॅट्रॉसिटीच्या १९८९च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ला ती लागू झाली. तिच्यात कलम १५अ आलं. साक्षीदाराला संरक्षण द्या, गरज पडली तर लोकांना पाहता येणाऱ्या कागदांवरून त्याचं नाव-पत्ता लपवा, असं ते कलम सांगतं. हा हक्क मिळायला किती माणसं मेली! आणि जे कोर्टाच्या कागदावर लपवायचं, ते आम्ही क्रांतीच्या घाईत एकशे ऐंशी माणसांत वाटलं. पोलिसांनी फोडलं असतं तर आपण मोर्चा काढला असता. आता मोर्चा कुणावर काढायचा?

मित्रांनो, आपले आजे-पणजे काय करत होते? गावाची वेस राखत होते. येसकर रात्रभर जागा. कोण आला, कोण गेला, ध्यानात. चोराचा माग काढायचा त्यानंच, गावच्या शिवेचा वाद आला की साक्ष द्यायची त्यानंच, सरकारी सारा खजिन्यात पोचवायचा तोही त्यानंच. बदल्यात शिळं तुकडं. अख्ख्या गावाची राखण करणाऱ्याच्या स्वतःच्या झोपडीला दार नव्हतं! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, ते ह्याच गुलामीवर घाव घालायला. वतन गेलं, बरं झालं. पण जागायची विद्या का घालवली? दुसऱ्याची वेस राखणारी जमात आज स्वतःच्या चळवळीची वेस सताड उघडी टाकून झोपली आहे.

कुणी म्हणेल, आपल्यासारख्या फाटक्यांकडं चोरायला आहे काय? पहिल्यांदा पैशाचं बोलू. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत चोर शिरले, तिजोरी न फोडता. कार्ड घातलं की एटीएम बँकेच्या यंत्रणेला विचारतं, पैसे देऊ का? चोरांनी मधेच आपला खोटा दरवान बसवला. खात्याला न विचारता तो म्हणायला लागला, "द्या." काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले. १३ तारखेला उरलेला हात मारला. एकूण सुमारे ९४ कोटी. बँकेकडं पहारेकरी होते, संगणकतज्ज्ञ होते. तिची ही गत, तर आपल्या बचत गटाची काय कथा?

आपल्या वस्तीत चोर शिरतो तो आपल्या गरजेच्या आणि भीतीच्या वाटेनं. "तुझी शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसे घ्यायला पिन टाक." अरे, पैसे घ्यायला पिन लागतच नाही! पिन लागतो तो द्यायला. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल येते. उघडलीस आणि परवानगी दिलीस की ती तुझे मेसेज वाचते, ओटीपी पळवते. आणि ती 'डिजिटल अटक'! व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस, मागं अशोकस्तंभ, म्हणतो, फोन ठेवलास तर उचलून नेऊ. कायद्यात अशी अटकच नाही. पण आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर खाकीचे वळ आहेत. ती भीती रक्तात आहे आणि चोर नेमकी तीच वाजवतो.

आता पैशाहून मोठी गोष्ट. ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. १ जानेवारी २०१८ला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड पडले. पुढं १६ जणांना अटक झाली. त्यांतले रोना विल्सन. त्यांच्या संगणकावरची पत्रं हा खटल्यातला मोठा पुरावा. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग ह्या तपासणी संस्थेचा अहवाल बाहेर आला. त्यात म्हटलं होतं की १३ जून २०१६ला त्यांना एक ईमेल आली, वरवरा राव ह्यांच्या खात्यावरून. जोडलेला दस्तऐवज उघडा, असा आग्रह. तो उघडला आणि नेटवायर नावाची हेरगिरीची प्रणाली आत बसली. जप्ती होईपर्यंत, बावीस महिने, परका हात त्या संगणकात वावरत होता. पत्रं त्यानंच एका लपवलेल्या कप्प्यात ठेवली. ती त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण नाही. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला, वयाच्या ८४व्या वर्षी, कोठडीत असतानाच गेले. त्यांच्या संगणकातही फायली पेरल्या होत्या, असा त्याच संस्थेचा अहवाल डिसेंबर २०२२मध्ये आला, ते गेल्यानंतर. तपास यंत्रणेनं हे निष्कर्ष मानले नाहीत, हेही सांगतो, कारण अर्धवट सांगणं आपलं काम नाही.

पण एक गोष्ट नीट बघा. त्या अहवालातली ईमेल आणि आमच्या पोराला आलेला मेसेज, दोन्ही ओळखीच्या नावानं आले. शत्रू शत्रूचं तोंड घेऊन येत नाही. तो साथीचं तोंड घेऊन येतो. चळवळीत आपली सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे एकमेकांवरचा विश्वास. चोर कुलूप फोडत नाही, तो विश्वासच वापरतो.

मग काय, विश्वास सोडायचा? नाही. विश्वासाला तालीम द्यायची. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. जलसा उभा करताना महिनाभर तालीम करत होतो ना? तशीच ही तालीम. ऐका, लिहून घ्या.

पहिलं, काय जवळ आहे ते मोजा. कुठल्या याद्या, कुणाकडं, कशासाठी? नको ते गोळाच करू नका. नातवाची शाळा आम्हाला कशाला हवी होती? जे तुमच्याकडं नाही ते कुणी चोरू शकत नाही. साक्षीदारांची यादी तीन माणसांकडं, ग्रुपवर कधीच नाही. पेगाससचं नाव २०२१मध्ये सगळ्यांनी ऐकलं. ती हेरप्रणाली तुम्ही कशालाही हात न लावता फोनमध्ये शिरू शकते. तिच्यापुढं आपली कुलपं थिटी. तिथं हाच एक उपाय थोडा तरी कामाला येतो: फोनमध्ये कमी ठेवा.

दुसरं, कुलूप. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा. व्हॉट्सॲपची आणि ईमेलची दुहेरी पडताळणी आज, ह्याच हॉलमध्ये, जेवणाच्या आधी चालू करायची. फोनमध्ये येणारी दुरुस्ती, ज्याला अपडेट म्हणतात, ती पुढं ढकलायची नाही. त्यानं चोराची माहीत झालेली भोकं बुजतात.

तिसरं, उलटा फोन. पैसे, कोड, यादी, फाईल, काहीही कुणी मागितलं की त्याच मेसेजवर उत्तर नाही. ज्याच्या नावानं आलं त्याला दुसऱ्या वाटेनं विचारायचं. आवाज ऐकायचा किंवा गाठ घ्यायची. नेत्यानं मागितलं तरी. मला राग येईल म्हणून मला विचारायचं टाळलंत, तर तो माझा पराभव.

चौथं, प्रती. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. २५ जून २०१६च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन जमीनदोस्त झालं. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना तिथं होता. बुलडोझर असो की व्हायरस, एकच प्रत असली की इतिहास एका रात्रीत जातो.

पाचवं, आणि हेच मी सांगायला आलो आहे. पहिला तास. माझ्या त्या पोराकडं परत या. कोड गेला तेव्हा सिमकार्ड त्याच्याच खिशात होतं. त्यानं आपल्या नंबरवर पुन्हा कोड मागवून टाकला असता तर चोर खात्याबाहेर पडला असता. त्यानं मला फोन केला असता तर मी दोन मिनिटांत यादी बंद केली असती. दहा मिनिटांचं काम. ते झालं नाही, कारण तो आम्हाला घाबरला. चोराला नाही, आम्हाला! आम्ही बैठकीत पोरांचा पाणउतारा करतो, बावळट म्हणतो, चारचौघांत हसतो. आक्काचा घात कोडनं झाला नाही. दोन दिवसांच्या गप्प बसण्यानं झाला.

म्हणून नियम करा. जो चुकल्याचं तासाभरात सांगेल त्याला एक शब्द बोलायचा नाही. कुणाला कळवायचं, ती दोन नावं कागदावर लिहून कचेरीच्या भिंतीला लावा. पैसे गेले तर लगेच १९३० ह्या नंबरवर फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवायची शक्यता जास्त. मेसेजची छायाचित्रं काढून ठेवा, वेळ लिहा, घाबरून फोन पुसू नका. तो पुरावा आहे. आणि दर तीन महिन्यांनी खोटा हल्ला करून बघा. आपणच आपल्याला फसवा मेसेज पाठवायचा. कोण फसलं हे जाहीर करायचं नाही, किती वेळात कळवलं एवढंच मोजायचं.

शेवटचं. प्रत्येक शाखेत एक पोरगा असतो, त्याला सगळ्यांचे पासवर्ड ठाऊक. आपण त्याला कौतुकानं 'हॅकर' म्हणतो. मी म्हणतो, तो आपला नवा भटजी! मंत्र त्यालाच येतो, बाकीच्यांनी हात जोडायचे. विद्या एकाच्या पोटात कोंडण्याविरुद्धच आपला जन्म आहे. हे शिबिर त्या एकट्या पोरासाठी नाही. बचत गटातल्या बाया, रिक्षावाले, दहावीतल्या पोरी, म्हातारे, ह्यांच्यासाठी आहे. साध्या मराठीत, वस्तीतल्या बुद्धविहारात. ज्या दिवशी माझी आई फोनवरच्या खाकीला "थांब, आधी पोराला विचारते" म्हणून फोन आपटेल, त्या दिवशी प्रशिक्षण झालं असं मी समजेन.

मागच्या महिन्यात आक्काला भेटायला गेलो. माफी मागितली. ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आता काय रडायचं? फुडल्या येळंला नाव कागदावर नगं लिवू. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलंय. तुम्हीही ठेवा. आता भाषण पुरे, फोन बाहेर काढा. १४०४ पासून सुरुवात करू.

जय भीम!