गुण कशाला द्यायचे?

(रत्नागिरीत युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते : ज्याला गुण द्याल, तेच वाढतं. महिलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये नेमकं हेच घडलं.

१९५६ साली लॅरिसा लॅटिनिना ऑलिंपिक विजेती झाली तेव्हा ती २१ वर्षांची होती. १९५८ची जागतिक स्पर्धा तर तिनं गरोदर असताना जिंकली. १९६८ला मेक्सिकोत जिंकलेली वेरा चास्लाव्स्का २६ वर्षांची. म्हणजे तोवर हा मोठ्या बायकांचा खेळ होता. मग १९७६ला माँट्रियलमध्ये १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला पूर्ण १० गुण मिळाले. टीव्हीमुळे खेळ घराघरांत गेला, पण त्याच्याबरोबर एक साचाही गेला : छोटी, बारीक, वयात न आलेली मुलगी.

त्या साच्याची किंमत मुलींनी मोजली. अमेरिकेच्या ख्रिस्टी हेनरिकला एका पंचानं वजन कमी करायला सांगितलं. तिनं जेवण तोडत नेलं. या आजारातच १९९४ साली, २२व्या वर्षी ती गेली.

पुढे नियम बदलले. १९९७पासून किमान वय १६ झालं. २००६पासून अवघड कसरतींना वेगळे गुण मिळू लागले, ताकदीला भाव आला. २०२४ला पॅरिसमध्ये सिमोन बाइल्सनं २७व्या वर्षी सर्वांगीण सुवर्ण जिंकलं. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत ४६व्या वर्षी खेळली. आपल्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट. या खेळाला न चालणारे. तरी रिओत तिचं पदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकलं आणि २०२४ला ताश्कंदमध्ये, तिशीत, तिनं आशियाई सुवर्ण आणलं. महाराष्ट्रातही ठाण्याच्या संयुक्ता काळेनं २०२२च्या खेलो इंडिया स्पर्धेत रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पाच सुवर्णपदकं मिळवली.

आता आपल्याला टोचणारा मुद्दा, कपड्यांचा. २०१५ला मलेशियाच्या फराह ॲन अब्दुल हादीनं आग्नेय आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. चर्चा मात्र तिच्या पोशाखाची झाली. मुस्लिम मुलीनं असं अंग दाखवावं का, म्हणून. २०२१ला जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख घालून उतरल्या. नियमात तो आधीपासून बसत होता. कारण धर्माचं नव्हतं. आपल्या शरीराबद्दल आपणच ठरवू, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. एकीला लोक म्हणतात झाक, दुसरीला म्हणतात दाखव. तिची उडी कुणी पाहतच नाही.

आपल्या वाड्या-मोहल्ल्यांत हे वेगळं नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी मैदानावरून घरी येते आणि ऐकते : काळी पडलीस, दंड पुरुषासारखे झाले, आता मोठी झालीस, पुरे. बोलणारी माणसं वाईट नसतात. आपलीच आई, मामू, खाला असतात. पण त्या वाक्यांनी मुलीचा खेळ सुटतो. कुणी मुलगी खेळत राहते, पण बारीक दिसावं म्हणून जेवण कमी करते. हे लक्षात ठेवा : सराव करणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने बंद होणं ही मेहनतीची खूण नाही. बहुतेकदा शरीराला अन्न पुरत नाही, हाडं कमजोर होतात. अशा वेळी डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही.

मग आपण काय करायचं? मैदानावर मुलींसाठी स्वच्छ संडास आणि कपडे बदलायची खोली मागा. पूर्ण बाह्यांचा पोशाख हवा असेल तर नियमपुस्तक उघडून आयोजकांना दाखवा. नको असेल त्या मुलीलाही तेवढाच आदर द्या. भावांनो, बहिणीच्या स्पर्धेला जा. घरी आल्यावर ती कशी दिसत होती ते सांगू नका, ती कशी खेळली ते सांगा.

पंचांचे नियम बदलायला वर्षं लागली. आपल्या घरातले गुण आपल्या हातात आहेत, ते आज रात्री जेवतानाच बदलता येतील.