माती, प्लास्टर, काँक्रीट, कांसे

नंदुरबार जिल्हा 1998 साली वेगळा झाला. त्याआधी धुळे आणि नंदुरबार मिळून एकच खानदेशी मुलूख होता. त्याच मुलखातल्या धुळ्याजवळच्या गोंदूर गावी 1925 साली एका सुताराच्या घरी शिल्पकार राम वनजी सुतार जन्मले. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतलं आणि 1953 मध्ये मेयो सुवर्णपदक मिळवलं.

पुढे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरुळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी त्यांच्याकडे आली. पदकापेक्षा हीच शाळा मोठी, असं मला वाटतं. माती चुकली तर पुन्हा लावता येते. दगडातून एक टवका जास्त उडाला की संपलं.

त्यांनी प्रत्येक माध्यमाचा स्वभाव ओळखला. गांधीसागर धरणावरची पंचेचाळीस फुटी चंबळदेवी त्यांनी काँक्रीटमधून साकारली. ब्राँझची वाट मात्र लांबची. आधी मातीचं शिल्प, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाची प्रत. त्या प्रतीभोवती उष्णता सोसणारं आवरण चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. म्हणजे मातीतली सुरकुती चुकली, तर ती धातूतही चुकलेलीच उतरते.

केवडियाचा 182 मीटर उंच सरदार पटेलांचा पुतळाही त्यांच्याच आराखड्यातून उभा राहिला. शेजारीच सरदार सरोवर धरण आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं, हेही आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही.