वाटला तो फोटो वाचला
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना शुद्धलेखन आणि हस्तकला शिकविण्यात गेला. तेव्हा विषयही माझ्या वकुबाचाच निवडला आहे. पतिपत्नींच्या फोटोवरून घरच्या घरी, हाताने, लग्नाच्या व लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पत्र कसे तयार करावे, हा तो विषय. विषय लहान आहे, किंबहुना काहींना तो बायकामुलांच्या विरंगुळ्याचा वाटेल. तथापि त्यामागे आपल्या महाड-पोलादपूरकडील घरांचे एक दुःख आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

शुभेच्छापत्राची चाल आपली नव्हे, असा आक्षेप प्रथम येईल. इंग्लंडात 1843 साली नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र निघाले, हे खरे. परंतु शुभवार्ता कागदावर लिहून तिला मंगल रूप देणे आपल्याला नवीन नाही. लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावावयाचे, पहिली पत्रिका कुलदेवतेपुढे ठेवावयाची, महाडकरांनी ती वीरेश्वराच्या चरणी वाहावयाची आणि मग सोयऱ्याधायऱ्यांकडे निघावयाचे, ही आपलीच रीत आहे. आपल्या देशात 1879 साली पोस्टकार्ड सुरू झाले. पुढे छापील पत्रिका ज्यांना परवडत नसे ते त्या कार्डावर हाताने मजकूर लिहून, कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावून आमंत्रण धाडीत. त्या एका बोटात घरातील वडीलधाऱ्यांचा हात दिसे. आज पत्रिका जाड झाली, सोनेरी झाली, पण तो हात तिच्यातून नाहीसा झाला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती माझ्याच घरची आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचे लग्न 1972 च्या वैशाखात झाले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. मी तेरा वर्षांचा होतो. फोटो काढण्यासाठी महाडहून एक गृहस्थ एस.टी.ने आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याच्या एका रोलवर बारा फोटो निघत, आणि वडिलांनी एकाच रोलचे पैसे ठरविले होते. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या वेळी सर्वांनी श्वास रोखून उभे राहावयाचे! त्या बारांपैकी मुंडावळ्या बांधलेल्या वधूवरांचा एक फोटो फार सुरेख आला होता. वडिलांनी त्याच्या काही प्रती करवून जवळच्या नातेवाइकांना पोस्टाने पाठविल्या. आईला तो खर्च पटला नव्हता. आपल्या घरी एक प्रत असताना लोकांच्या घरी कशाला, असे तिचे म्हणणे.

त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी, 22 जुलै 2021 रोजी, सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. 2005 च्या जुलैतील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते यांचे दुःख ज्यांनी पाहिले होते, त्यांना ते पुन्हा पाहावे लागले. जेथे माणसे गेली तेथे कागदाचा शोक कोण करणार? म्हणून पुष्कळ दिवस आपण कोणीच त्याविषयी बोललो नाही. परंतु ज्यांची माणसे वाचली, त्यांच्याही घरातून त्या रात्री पेट्या, आल्बम, भिंतीवरच्या तसबिरी चिखलात गेल्या. बंधूंचे घर बाजारपेठेजवळ, सखल भागात. तळमजला सारा पाण्याखाली होता.

पाणी ओसरल्यावर मी तेथे गेलो. आल्बम सापडला, पण त्याचा चिखलाचा गोळा झाला होता. मी घाईघाईने तो उन्हात ठेवला. वाळताना फोटो एकमेकांना घट्ट चिकटले. शिक्षकाला आपल्याला सर्व समजते असे वाटत असते. मी ते ओढून सोडवू लागलो, आणि वधूवरांच्या त्या फोटोवरील वहिनींचा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून निघून आला. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. "भाऊजी, राहू द्या आता," एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पुराने जे घेतले नव्हते ते माझ्या हाताने गेले, ही रुखरुख मला पुष्कळ दिवस झोपू देत नसे.

जे मला नंतर कळले ते आपल्याला आधीच कळावे म्हणून येथे सांगतो. जुन्या कृष्णधवल फोटोच्या पृष्ठावर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो पाण्याने फुगतो, मऊ होतो आणि वाळताना ज्याला टेकेल त्याला धरून बसतो. म्हणून भिजलेले फोटो ओले असतानाच, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून, हळुवार वेगळे करावे. चित्राच्या बाजूला बोट लावू नये. मग चित्र वर करून सावलीत, जुन्या स्वच्छ सुती कापडावर सुकू द्यावे. वाळून चिकटलेच असतील तर ओढू नयेत. पुन्हा पाण्यात भिजविल्यास कित्येकदा सुटतात. तसबिरीच्या काचेला फोटो चिकटला असेल, तर तो काचेसकट तसाच ठेवून काचेवरूनच त्याची प्रत काढावी. छपाईयंत्रावर शाईने काढलेल्या अलीकडच्या प्रतींना मात्र पाणी लावू नये, त्यांची शाई वाहते.

पुढल्या वैशाखात बंधूंच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. मुलांनी सुवर्णमहोत्सवाचा बेत केला, पण फोटो नव्हता. ज्यांनी तो काढला ते गृहस्थ केव्हाच निवर्तले होते. शेवटी मला वडिलांनी पोस्टाने पाठविलेल्या प्रतींची आठवण झाली. एकामागून एक घरे विचारीत गेलो. आतेबहिणीच्या डोंबिवलीच्या घरी, देवघराच्या खणात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली तो फोटो मिळाला. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. दोन्ही चेहरे मात्र निर्मळ होते. जो फोटो आम्ही जपून ठेवला तो गेला, आणि जो वाटून टाकला तो वाचला. आईला जो खर्च व्यर्थ वाटला होता, त्यानेच पन्नास वर्षांनी तिच्या सुनेचा चेहरा परत दिला.

त्या फोटोवरून मी एक पत्र तयार केले. त्याची कृती थोडक्यात सांगतो.

पहिला नियम हा, की मूळ फोटोला कात्री अथवा गोंद लावावयाचा नाही. त्याची प्रत काढावी. फोटो सपाट ठेवून खिडकीजवळच्या मऊ उजेडात, झोत न लावता, मोबाइल अगदी समांतर धरून छायाचित्र घ्यावे. साधन असल्यास स्कॅन करावे. हातकागद मिळाला तर सर्वांत उत्तम. हा कागद आपल्याला परका नाही. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव त्या धंद्यावरूनच पडले आहे, आणि पुण्यातील हातकागद संस्था 1940 पासून हे काम करीत आली आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद चिवट असतो आणि वर्तमानपत्राच्या कागदाप्रमाणे लवकर पिवळा पडत नाही.

कागद दुमडण्यापूर्वी पट्टी ठेवून चमच्याच्या दांड्याने रेघ ओढावी, म्हणजे घडी सरळ पडते. फोटो चिकटविण्याऐवजी कागदाला चार तिरक्या चिरा देऊन त्यांत फोटोचे कोपरे अडकवावे. पुढेमागे काढून पाहता येतो. चिकटवावयाचेच असेल तर मैद्याची पातळ, शिजविलेली खळ घ्यावी, अगदी थोडी लावावी आणि रात्रभर वहीपुस्तकांच्या वजनाखाली ठेवावे. आपल्याकडील पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्याला बुरशी येते; हे काम मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत उरकावे. शोभेसाठी बाजारची चमकी नको. भाताची एक लोंबी, आंब्याचे कोवळे पान जुन्या पुस्तकात चार आठवडे दाबून ठेवले की झाले. हळदीच्या अक्षता पत्रावर चिकटवू नयेत. रंग उडतो आणि किडे लागतात. त्या वेगळ्या पुडीत घालाव्या.

फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने दोघांची नावे, लग्नाची तिथी व साल आणि गाव लिहावे. बॉलपेनचा दाब पुढल्या बाजूला उमटतो. हे लिहिण्याचा आळस करू नये. आज जे चेहरे घरातील सर्वांना ओळखता येतात, ते तीस वर्षांनी कोणालाही ओळखता येत नाहीत.

आता मजकूर. येथे मी शिक्षक म्हणून आग्रहाने सांगतो, की उसन्या कविता लिहू नका. त्या जोडप्याविषयी आपल्याला स्वतःला ठाऊक असलेली एक खरी गोष्ट एका वाक्यात लिहा. वहिनींच्या पत्रात मी लिहिले होते, "सासरी आल्याच्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या सदऱ्याचे तुटलेले पांढरे बटण लावून दिलेत, ते मी विसरलो नाही." समारंभात त्यांनी ते पत्र हाती घेतले, फोटो पुष्कळ वेळ पाहिला, मग चष्मा पुसून मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, बटण पांढरे नव्हते. पांढरे मिळाले नाही म्हणून मी निळे लावले होते." सारे हसले. त्या चिखलाच्या दिवसानंतर आमच्यात त्या फोटोविषयी शब्द निघाला तो हा पहिलाच. माझ्या चुकीची क्षमा मला त्या निळ्या बटणात मिळाली, असे मी समजतो.

त्या पत्राच्या मी आणखी नऊ प्रती केल्या आणि नऊ घरी पाठविल्या. एक डोंबिवलीला, काही पुण्याला, एक परदेशी असलेल्या पुतण्याकडे. सावित्रीला कितीही पूर आला तरी ती या सर्व घरांत एकाच रात्री शिरणार नाही!

कोणी म्हणेल, आता सारे फोटो मोबाइलमध्ये असतात, ही उठाठेव कशाला? त्या पुरात मोबाइलही बुडाले, हे आपण जाणता. शिवाय मोबाइलमधील हजार फोटोंपैकी आजीला नेमका कोणता दाखवावयाचा, हे नातवालाही सापडत नाही. पत्र तिच्या हाती असते. ती ते उशाशी ठेवू शकते. दुसरे असे, की ज्या घरी दोघांपैकी एकच राहिले आहे, तेथे असे पत्र पाठवावे काय? माझे मत असे, की आधी घरच्या मुलाला अथवा सुनेला विचारावे. कोणाला तो दिवस आठवूही नये असे वाटते, तर कोणी त्या दिवसाची आठवण कोणी काढील म्हणून वाट पाहत असते. विचारल्याशिवाय कळत नाही.

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी ज्या सभासद कुटुंबांत विवाहाला पंचवीस अथवा पन्नास वर्षे होतात, त्यांच्याकडून लग्नाच्या फोटोची प्रत मागवावी. आपल्या विद्यार्थ्यांनी सुटीत त्यावरून पत्रे तयार करावी आणि ती याच संमेलनात त्या दंपतींना द्यावी. प्रतींचा एक संच महाडला उंचावरच्या जागी आणि दुसरा मुंबईस ठेवावा. मुलांना हातकाम येईल, अक्षर सुधारेल, आणि आपल्या काकूंचे, मामींचे माहेर कोणते, त्या कोणत्या गावाहून कोणत्या साली येथे आल्या, हेही कळेल. खर्च म्हणाल तर पत्रिकेवरील सोनेरी छपाईच्या मानाने तो नगण्य आहे.

हस्तकलेचा वर्ग घेण्यासाठी हा म्हातारा शिक्षक कोणत्याही रविवारी येण्यास तयार आहे. कात्री आणि खळ मी घेऊन येईन. फोटो तेवढे आपण आणावे, आणि ते ओले असतील तर वाळविण्यापूर्वी आणावे.