नळ, गटार आणि स्वराज्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाला कार्यक्रमपत्रिकेत ‘स्थानिक स्वराज्य संस्था आणि नागरिकांचे दैनंदिन प्रश्न’ असे भारदस्त नाव दिलेले आहे. साध्या भाषेत सांगायचे तर नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे, गल्लीतला दिवा तीन आठवडे बंद आहे, मुलीच्या जन्माचा दाखला मिळत नाही, या तक्रारींविषयी आपल्याला बोलायचे आहे. या प्रश्नांकडे काहीशा उपेक्षेने पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. जमीन, रोजगार, महागाई, जातिव्यवस्था हे मोठे प्रश्न. गटाराचे काम म्हणजे नगरसेवकाची हमाली, अशी एक अघोषित प्रतवारी आपण मनाशी करून ठेवलेली असते. ती प्रतवारी एकदा तपासून पाहावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

सामान्य माणसाची आणि राज्यसंस्थेची गाठ कोठे पडते? विधानसभेशी त्याचा संबंध पाच वर्षांतून एका दिवसापुरता येतो. नगरपालिकेशी त्याचा संबंध सकाळी तोंड धुताना सुरू होतो आणि रात्री अंधाऱ्या गल्लीतून घरी परतेपर्यंत टिकतो. तेथे त्याला जी वागणूक मिळते, तिच्यावरून तो लोकशाहीविषयीचे आपले मत बनवतो. पाणी मिळाले की नाही याइतकेच ते कसे मिळाले यालाही महत्त्व आहे. कोणाच्या मेहेरबानीने मिळाले असेल तर तो आश्रित होतो. हक्काने मिळाले असेल तर नागरिक होतो. डॉ. राममनोहर लोहिया यांनी ग्राम, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंभा राज्याची कल्पना मांडली, तिच्यात खालचे दोन खांब शोभेपुरते नव्हते. त्या खांबांवर किती भार पेलला जातो, हे आपल्याला वॉर्डातच पाहायला मिळते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा अशी भूमिका घेतली. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा विचार मांडणाऱ्या या पुरुषाला नगरपालिकेच्या हिशेबातली एक रक्कम क्षुल्लक वाटली नाही. कोणाचा पैसा कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्यांना त्या एका रकमेतही दिसला.

दुसरे उदाहरण महाडचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, कागद झाला, पण त्या तळ्यावर अस्पृश्यांचा पाय पडला नाही. तो पडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेल्या हजारो माणसांना स्वतः तळ्यावर जावे लागले. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये केवढे अंतर असते आणि ते कोणाला चालावे लागते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. नगरपालिका ठराव करते तेव्हा आपले काम संपत नाही. पुष्कळदा ते तेव्हा सुरू होते.

तिसरे उदाहरण आपल्या घरातले. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगावसारखी उपनगरे शहरात आली. माणसे झपाट्याने आली, पाणी मात्र त्या वेगाने आले नाही. १९६१ साली मृणाल गोरे महापालिकेवर निवडून गेल्या. पाण्यासाठी त्यांनी जो लढा दिला, त्याने त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळाले. हे नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्यामागच्या कार्यपद्धतीचा पुरेसा विचार करत नाही. मृणालताईंनी गोरेगावच्या बायकांना सांगितले नाही की तुम्ही घरी बसा, मी साहेबांशी बोलते. हंडा घेऊन महापालिकेच्या दारात जाणारी बाई त्यांनी घडवली. त्याच बायका १९७२ नंतर लाटणे हातात घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. नळाच्या रांगेतली बाई आणि महागाईच्या मोर्चातली बाई या दोन वेगळ्या बाया नव्हत्या. लहान प्रश्न आणि मोठे प्रश्न ही आपली प्रतवारी त्या मोर्चाने केव्हाच मोडून काढली होती.

आता कायद्याकडे वळू. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरल्या. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. मात्र ते विषय प्रत्यक्ष सोपवायचे की नाही हे राज्याच्या विधिमंडळावर ठेवले गेले, आणि सत्ता खाली सोडण्याची उदारता कोणत्याही पक्षाच्या सरकारला सहजी सुचत नाही. मुंबईत नागरिक नगरसेवकाला मत देतो, परंतु अंमलबजावणीचा अधिकार १८८८ च्या कायद्याने आयुक्ताकडे आहे आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. झोपडपट्टीचे पुनर्वसन एका प्राधिकरणाकडे, मोठे पूल आणि मेट्रो दुसऱ्याकडे. जकात हे महापालिकेचे हक्काचे उत्पन्न होते, तेही जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर गेले आणि त्या जागी राज्याकडून मिळणारी भरपाई आली. ज्याला मत दिले त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला मत विचारण्याची गरज नाही, अशी ही रचना आहे. केरळात १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेने राज्याच्या योजनाखर्चातील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे वळवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे अशक्य नाही एवढे तरी सिद्ध झाले.

पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे घटना सांगते. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. काही शहरांत तर २०२० पासूनच प्रशासक होते. इतर मागास वर्गांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतले फेरबदल यांत वर्षे गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे बजावावे लागले.

या काळात काय बिघडले, असे विचारणारे सुशिक्षित लोक आपल्याला भेटतात. कचरा उचलला जात होता, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक होता, मोबाइलवर सोय होती. नगरसेवकांची कटकट तेवढी नव्हती, असे ते म्हणतात. या युक्तिवादाला शिव्या देऊन भागणार नाही, उत्तर द्यावे लागेल. एक खड्डा बुजवण्याचे काम अधिकारी करू शकतो, कदाचित चांगलेही करील. परंतु शहरातल्या दहा हजार खड्ड्यांपैकी आधी कोणता बुजवायचा, सुशोभीकरणाला किती पैसा आणि वस्तीतल्या शौचालयाला किती, हा निर्णय तांत्रिक नसतो. तो राजकीय निर्णय आहे आणि तो उघड्या सभागृहात, जाब विचारणाऱ्यांच्या समोर झाला पाहिजे. ती चार वर्षे अंदाजपत्रके मांडणारा आणि मंजूर करणारा हात प्रशासनाचाच होता.

शिवाय तक्रार करण्याची यंत्रणा तक्रार करू शकणाऱ्याचेच ऐकते. ज्याच्या घरी नळजोडणी आहे तो पाण्याचा दाब कमी असल्याची तक्रार नोंदवील. ज्याला जोडणीच नाकारली आहे त्याने कोणत्या रकान्यात लिहावे? १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देऊ नये, असे धोरण मुंबईत वर्षानुवर्षे चालले. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की घर अनधिकृत असले तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला २०२२ साल लागले. स्त्रियांच्या मुताऱ्यांचा प्रश्नही तसाच. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि बाईला पैसे, ही गोष्ट शहराने इतकी स्वाभाविक मानली होती की तिची तक्रार कोणत्याही वहीत नव्हती. २०११ साली ‘राइट टू पी’ या मोहिमेतील कार्यकर्त्यांनी ती मोजून, लिहून महापालिकेपुढे ठेवली, तेव्हा कोठे तो प्रश्न ठरला.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. आपण काय करणार? आपल्यापुढे मोठा मोह आहे. तुमच्या माझ्या शहरात सार्वजनिक पैशातून बसवलेल्या बाकावर ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून’ असे रंगवलेले असते. नागरिकाच्या कराच्या पैशाचा बाक नागरिकाला भेट म्हणून दिला जातो आणि त्याने फलकाला हात जोडावेत अशी अपेक्षा असते. दादाला फोन केला की अभियंता धावत येतो. आपल्या कार्यकर्त्यालाही वाटू लागते, की आपला फोनही असाच चालला पाहिजे. तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारले आहे: नोंदी, अर्ज, सभा यांत तीन महिने जातात, त्याचे काम तीन तासांत होते, मग लोक आमच्याकडे कशाला येतील?

हा प्रश्न खरा आहे. आपली पद्धत सावकाश चालते आणि तिची किंमत मतपेटीत मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु दादाच्या फोनने जे पाणी येते ते पुष्कळदा शेजारच्या गल्लीचे तोडून आणलेले असते. तो पक्ष बदलतो तेव्हा त्याचा फोनही त्याच्याबरोबर जातो, आणि वस्तीजवळ ना कागद राहतो ना संघटना. पुढच्या वेळी पुन्हा नव्या दादाचे दार. आपण तोच धंदा अधिक प्रामाणिकपणे करू लागलो, तर लोकांना एक सज्जन मध्यस्थ मिळेल; त्यांचे आश्रितपण संपणार नाही.

म्हणून चार साधी कामे सुचवतो. पहिले, प्रत्येक शाखेत तक्रारींची नोंदवही असावी. तारीख, वस्ती, प्रश्न, कोणत्या कचेरीत अर्ज दिला, पोच मिळाली का, उत्तर काय आले. वर्षाअखेर ती वही वाचली की प्रश्नाची मुळे दिसतात. एकाच मोरीची चाळीस तक्रारी असतील तर तो चाळीस घरांचा प्रश्न नसून त्या मोरीच्या रचनेचा प्रश्न असतो.

दुसरे, कायदे वापरायला शिकावे आणि शिकवावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली जन्म-मृत्यूच्या दाखल्यापासून नळजोडणीपर्यंत अधिसूचित सेवांना मुदत घालून दिलेली आहे. नकार दिला तर कारण लेखी द्यावे लागते, अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कामाची पाहणी करता येते, मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. नवा रस्ता पहिल्या पावसात उखडला, तर नुसता निषेध करण्यापेक्षा त्याचे मोजमाप पुस्तक मागावे.

तिसरे, अर्जावर एकट्या कार्यकर्त्याची सही असू नये. कचेरीत जाताना वस्तीतले चारजण, त्यांत दोन स्त्रिया, बरोबर असाव्यात आणि बोलावे त्यांनीच. आपण मागे बसावे. हे मागे बसणे फार अवघड आहे. पण कार्यकर्त्याची परीक्षा तेथेच होते.

चौथे, तक्रारीला अंदाजपत्रकापर्यंत नेऊन पोचवावे. गावात ग्रामसभा आहे आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेतली पाहिजे असे कायदा सांगतो. ती कागदावर होते की चावडीवर, हे आपण पाहावे. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली कायद्यात आली, पण तशी सभा भरलेली फार थोड्या नागरिकांनी पाहिली असेल. ती मागावी. ती मिळेपर्यंत आपणच मोहल्ला सभा भरवावी आणि वस्तीने ठरवलेला कामांचा क्रम लेखी पाठवावा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकासाठी मागवण्याची पद्धत सुरू झाली. तिचा लाभ आजवर अर्ज लिहू शकणाऱ्या मध्यमवर्गाने अधिक घेतला असेल, तर दोष पद्धतीचा जेवढा तेवढाच वस्तीपर्यंत न पोचणाऱ्या पक्षांचा आहे.

अशा सभेत माणसे भांडतील. एक गल्ली दिवा मागेल, दुसरी शौचालय, आणि पैसा एकाच कामाचा असेल. दादाकडे हे भांडण कधीच होत नाही, कारण तेथे निर्णय बंद दाराआड झालेला असतो. शेजाऱ्याच्या गरजेशी आपली गरज ताडून पाहून, ‘या वर्षी त्यांचे होऊ द्या’ असे एखादी वस्ती स्वतःहून म्हणेल, त्या दिवशी तेथे स्वराज्य आले असे मी मानीन. तोपर्यंत आपण प्रत्येकाने आपल्या वॉर्डात परत जाऊन पहिली नोंदवही उघडावी. पुढच्या शिबिरात आपण एकमेकांच्या वह्या वाचू.