दगडात दडलेले जीव

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला बोलायला सांगताना एकच अट घातली होती, "रेल्वे सोडून कशावरही बोला." त्यामुळे दगडांवर बोलतो. मी सुट्टीच्या दिवशी दगड गोळा करतो, हे आपल्या रतलामच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहेच. आठवडाभर रुळाखालची खडी चाळून बघायची आणि रविवारी परत दगडच, यावर आमच्या घरी काय बोललं जातं ते इथे सांगत नाही.

सुरुवात देवघरापासून करू. आपल्यापैकी बऱ्याच घरांत शाळिग्राम आहे. नेपाळात गंडकी नदीच्या पात्रात तो सापडतो. काळा, गुळगुळीत गोटा, आणि फुटला तर आत चक्र. हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या कवचाचा ठसा. माकूळ असतो ना, त्याच्या दूरच्या नात्यातला हा प्राणी. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, आज हिमालय आहे तिथे समुद्र होता, त्याच्या तळाशी तो गाडला गेला. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः रोज त्याच्यावर तुळस वाहतो. फक्त आपल्या आज्ज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेला जीवाश्म घरात असताना जीवाश्म म्हणजे काहीतरी परदेशी वस्तू, असं आपण समजू नये.

आपल्या भागातही अशी जागा आहे. धार जिल्ह्यातलं बाघ तुम्हाला लेण्यांमुळे माहीत असेल. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राची एक जीभ पश्चिमेकडून आत आली होती. तिने मागे ठेवलेल्या चुनखडीत शिंपले, अमोनाइट, शार्कचे दात आणि एक काटेरी गोळा सापडतो, ज्याला इंग्रजीत सी अर्चिन म्हणतात. काटे गळून गेलेले असतात. राहतो तो लिंबाएवढा, थोडा हृदयाच्या आकाराचा गोटा आणि त्याच्यावर पाकळ्यांची नक्षी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कोणीतरी कोरली आहे असंच वाटतं.

हा शोधायचा कसा? आपला कीमन रोज रूळ पायी तपासतो, तसा. तो तडा शोधत नसतो, कालच्यापेक्षा वेगळं काय दिसतंय ते बघत असतो. सकाळचं तिरपं ऊन, पहिल्या पावसाने धुतलेली जमीन, आणि शेतकऱ्याने शेतातून वेचून बांधावर टाकलेले दगड. विहीर खणताना निघालेला ढीग असेल तर फारच उत्तम. मालकाला विचारल्याशिवाय मात्र दगडाला हात लावायचा नाही. माझ्याबरोबर सिग्नल विभागातले एक सहकारी असतात. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी इथे जाहीरपणे कबूल करतो, म्हणजे ते चहा पाजतील.

पहिला अर्चिन त्यांनाच दिसला आणि मी त्याची वाट लावली. तो अर्धा बाहेर, अर्धा दगडात होता. मी कुठेतरी वाचलं होतं की हाडाचा जीवाश्म चुनखडीत असेल तर सौम्य आम्लात ठेवतात, चुनखडी विरघळते आणि हाड उघडं पडतं. ते खरंही आहे, कारण हाडात फॉस्फेट असतं, ते सौम्य आम्लाला बराच काळ दाद देत नाही. पण अर्चिनचं कवच म्हणजे कॅल्साइट, चुनखडीचंच भावंड. मी गोटा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. छान बुडबुडे येत होते, मी खूष. सकाळी पाहतो तर चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा गुळगुळीत! नऊ कोटी वर्षं टिकलेली नक्षी माझ्या स्वयंपाकघरात एका रात्रीत गेली. चुन्यावर आम्ल टाकलं की काय होतं हे आम्ही डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. शिकलेलं वेळेवर आठवेल तर ना. सहकाऱ्यांना सांगायला मला चार दिवस लागले. ते काही बोलले नाहीत, त्याचं जास्त लागलं.

दुसरा अर्चिन मिळायला पुढचा हिवाळा उजाडला. या वेळी आम्ल नाही, हातोडी नाही. ओळखीच्या दंतवैद्यांनी टाकून दिलेले हुक, लाकडी मुठीत बसवलेली शिवणाची सुई, मऊ टूथब्रश आणि टेबललॅम्प. गोटा हातात धरायचा नाही. वाळू भरलेल्या छोट्या कापडी पिशवीवर ठेवायचा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. आपण रुळाखाली खडी घालतो, तेच तत्त्व. दिवा बाजूने, खाली धरायचा, म्हणजे बारीक उंचवट्याचीही सावली पडते. सुईचं टोक जीवाश्माकडे कधीच नाही, नेहमी बाहेरच्या बाजूला. दगड थोडा ओला केला की कवचाचा आणि भोवतालच्या चुनखडीचा रंग वेगळा दिसतो, तीच आपली सीमारेषा. एका संध्याकाळी नखाएवढा भाग साफ होतो. मला सतरा संध्याकाळी लागल्या. बाराव्या दिवशी एक पाकळी पूर्ण उघडली, तेव्हा मी आतून घरच्यांना हाक मारली. "अहो, भाजी करपेल," एवढंच उत्तर आलं. पण नंतर भिंगातून बराच वेळ बघत बसल्या.

कवच भुसभुशीत निघालं तर फेविकॉल किंवा फेविक्विक लावायचा मोह होतो. लावू नका. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन ॲसिटोनमध्ये पातळ करून वापरतात. पुढे कोणाला काढायचं झालं तर ते परत ॲसिटोनने निघतं. आपण केलेलं काम मागून येणाऱ्याला उलटवता आलं पाहिजे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. रुळाला कुठे दोष आढळला तर आपण किलोमीटर आणि खांब नंबर लिहितो. नुसतं "रतलामजवळ" लिहिलं तर साहेब काय म्हणतील? तसंच इथे गाव, शेत, थर, तारीख हवी. चिठ्ठी हरवली की उरते ती शोभेची वस्तू. जबलपूरला 1828 साली कॅप्टन स्लीमन यांना, म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणारे तेच, हाडासारखे दगड मिळाले. ते काही भूशास्त्रज्ञ नव्हते, आपल्यासारखेच हौशी. त्यावरून 1877 मध्ये लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. पुढे तो मणका कुठे गेला ते कळेना. 2012 मध्ये कोलकात्यात जुन्या नमुन्यांमध्ये तो पुन्हा सापडला. जपणाऱ्या संस्थेतही असं होतं, मग आपल्या माळ्यावरच्या खोक्याचं काय?

आता अंड्यांबद्दल. बाघ-कुक्षी भागात 2007 साली डायनासोरची शंभरावर अंडी शोधली ती विशाल वर्मा या शिक्षकांनी आणि त्यांच्या हौशी साथीदारांनी. 2023 च्या जानेवारीत याच परिसरातल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत वर्मांचंही नाव आहे. त्याच वर्षाच्या शेवटी पाडल्या गावातली बातमी आली. तिथले लोक शेताच्या आणि गुरांच्या राखणीसाठी "काकर भैरव" म्हणून जे गोल दगड पुजत होते, ती डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. आपला शाळिग्राम आणि त्यांचा भैरव, फार फरक नाही.

या बातम्यांच्या आधी आम्हा दोघांनाही एक दिसलं होतं. बैलगाडीच्या वाटेवर, निम्मं झिजलेलं, कवचाचं वर्तुळ स्पष्ट. सहकारी म्हणाले, "पहार गाडीत आहे. काढू या." कसं काढायचं तेही आम्हाला माहीत होतं. आधी ओला कागद, मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेलं गोणपाट, म्हणजे मूर्तिकारांकडचंच सामान. मी नको म्हटलं. एक अंडं उचललं तर कपाटात एक गोळा येतो. शेजारी आणखी किती आहेत, किती अंतरावर, कोणत्या मांडणीत, त्यावरून घरटं कळतं. ती 92 घरटी मोजता आली, कारण ती जागेवर होती. आम्ही फूटपट्टी ठेवून फोटो काढले, ठिकाण नोंदवलं, वर माती लोटली आणि जाणकारांना कळवलं.

पुढच्या वर्षी गेलो तर त्या वाटेवर मुरूम टाकून रोलर फिरवलेला होता. अंडं खाली आहे की भुगा झालं, सांगता येत नाही. सहकारी अजूनही म्हणतात, "तेव्हा तुम्ही अडवलं नसतं, तर ते आज असतं." मी त्यांना माझं सगळं शास्त्र सांगतो. ते ऐकून घेतात आणि परत तेच म्हणतात. तुमच्यापैकी कोणी असतं तर काय केलं असतं, हे मला आज खरंच ऐकायचं आहे.

आरतीनंतर मागच्या टेबलावर दोन्ही अर्चिन ठेवले आहेत. पहिल्या डबीतला मुलांनी हातात घ्यायला काहीच हरकत नाही, त्याचं आता आणखी काही बिघडणार नाही. दुसऱ्या डबीतला भिंगातूनच बघा. भिंग एकच आहे, तेव्हा रांगेने या.