पान पिवळं पडतं तेव्हा

कोपरगाव तालुक्यातल्या शिक्षक बंधू-भगिनींशी आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय.

भर एप्रिलच्या उन्हात एखादी मुलगी पूर्ण बाह्या घालून येते. फळ्यापाशी बोलावलं की बाही मनगटाखाली ओढते. तिनं स्वतःला इजा करून घेतलीय, हे आपल्या लक्षात येतं. मग शिक्षकखोलीत काय ऐकू येतं? 'नाटकं आहेत.' 'मोबाइलचं खूळ.' 'लक्ष वेधून घ्यायचंय.' अहो, लक्ष वेधायचं असतं तर तिनं बाही खाली ओढली असती का?

आपला गोदाकाठ उसाचा. पान पिवळं पडलं म्हणून शेतकरी पानावर डाफरत नाही. बुंध्याशी माती उकरतो. हुमणी लागली का, पाणी साचलं का, ते बघतो. पिवळी पानं खुडली तर फड चार दिवस हिरवा दिसेल, पण हुमणी खाली मुळं खातच राहील. वर्गासमोर रागावून, 'पुन्हा करणार नाही' असं लिहून घेऊन आपण पानंच खुडतो. मूल सुधारत नाही, लपवायला शिकतं.

बहुतेक वेळा अशा मुलाला मरायचं नसतं. आतलं सोसवत नाही आणि सांगताही येत नाही. पण मरायचं नसतं म्हणून ते किरकोळ समजू नका. पुढं जिवाचा धोका याच मुलांना जास्त असतो.

शिक्षक निर्दय नसतात, घाबरलेले असतात. 'आपल्यावर तर येणार नाही ना?' भीतीपोटीच आवाज चढतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे शिपाईमामांनाही, वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. अशा मुलाशी कसं वागायचं, हेही त्यात येतं. तुमच्या शाळेत ते झालं का? मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

पुन्हा सांगते, आधी रागावणं नको. बाजूला घ्या, जखमेला औषध लावा, 'खूप त्रास होतोय का?' एवढं विचारा आणि ऐकत राहा. वर्गात चर्चा नको, जखम दाखवायला लावणं तर नकोच.

घरी कळवावं लागतं, पण मुलाला आधी सांगून. घरातच मार बसत असेल तर... त्यावर बोलायला आज वेळ नाही. तूर्त मुलांसाठीची हेल्पलाइन लिहून घ्या, १०९८. दुसरा नंबर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलतात. 'या मुलाशी मी कसं बोलू?' एवढं विचारायला शिक्षकांनीही तो लावावा.