पेशींच्या वाढीचा लगाम
(व्याख्यानाचा सारांश)



कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, हे आपण जाणताच. या वाढीचा लगाम पेशीतच असतो. तो सैल कसा होतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पेशीला वाढण्याची आज्ञा बाहेरून येते. ती आणणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक लाभले. वृद्धिघटक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटला की आत ‘रास’ हे प्रथिन जागे होते आणि विभाजनाचा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो. जखम भरताना हा संदेश हवाच; पण भरल्यावर तो थांबलाही पाहिजे.

आता लगामाकडे वळू. आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिने घडवितो. उरलेल्यातील बराचसा एके काळी टाकाऊ मानला गेला. (घाईने दिलेली नावे विज्ञानातही चिकटून राहतात!) १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकन यांनी एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत दाखवून दिले की, प्रथिन न घडविणारा चिमुकला आरएनए दुसऱ्या जनुकाचा संदेश दाबून ठेवतो. २०२४ चे नोबेल त्यांना याच कार्यासाठी मिळाले. अशा आरएनएंपैकी ‘लेट-७’ हा रासला आवरतो. फुप्फुसाच्या अनेक गाठींत लेट-७ घटलेला व रास वाढलेले आढळते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. विपरीत असे की, वृद्धीच्या संदेशाने बळावणारे ‘मिक’ हे प्रथिन ‘लिन-२८’ वाढविते आणि लिन-२८ लेट-७ ला तयारच होऊ देत नाही. म्हणजे घोडाच लगाम कुरतडतो!

मग असा आरएनए औषध म्हणून द्यावा काय? ‘मिर-३४’ या दुसऱ्या आरएनएची प्रतिकृती रुग्णांना देऊन पाहिली गेली; प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया उद्भवून काही रुग्ण दगावले व २०१६ मध्ये ती चाचणी थांबविली गेली. म्हणून ‘आरएनए उपचारा’ची जाहिरात वाचून चालू औषध कोणीही सोडू नये.

ग्राहकालाच रोखणाऱ्या गेफिटिनिबसारख्या गोळ्या मात्र आज उपलब्ध आहेत. त्या फुप्फुसाच्या कर्करोगात मुख्यतः ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल असल्यासच गुणकारी ठरतात. तो बदल तपासण्यास बहुधा गाठीचा तुकडा लागतो. ‘सुई लावली की रोग पसरतो’ या भीतीने कित्येक कुटुंबे येथेच अडतात. तसे घडणे अत्यंत विरळ. तुकडा आधीच काढलेला असल्यास मेणात जपलेला तो ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा; पुष्कळदा त्यावरच ही तपासणी होते.